पलंगाखालची जागा

रे रोडच्या एका शेडमध्ये आम्ही नवराबायको गाडीमागे जोडायची कॅरॅव्हॅन निवडत होतो. मला सगळ्यांत लहान हवी होती, म्हणजे नातेवाईक मागे लागणार नाहीत. शेजारची मोठी कॅरॅव्हॅन बघायला भोईवाड्याच्या चाळीतले एक काका आले होते. चपला बाहेर काढून ते आत शिरले आणि थेट पलंगाखाली आडवे झाले.

"चार जण झोपतात," सेल्समन म्हणाला.

"खालचे दोन धरलेच नाहीत तुम्ही!" पलंगाखालून आवाज आला. मग उठून त्यांनी संडासाचं दार उघडलं. "हा काढून टाका. इथे मेव्हणा मावेल."

मला हसू आवरेना. काकांनी वळून विचारलं, "तुम्ही किती जण?"

"दोघंच."

"अरेरे!" ते खरोखर हळहळले. "मग आमच्यातच या की. पलंगाखाली जागा आहे."

मी सबब शोधत होतो, तेवढ्यात बायकोने विचारलं, "कधी निघताय?"