खाणीच्या गावात बाबा

काल नायगावात सायकलच्या दुकानासमोर वंगणाचा वास आला आणि मला वीस वर्षांपूर्वीचे बाबा दिसले. तेव्हा मी जर्मनीत नोकरीला होते. गिरणी बंद पडल्यापासून गप्प गप्प झालेले बाबा लालबागहून मला भेटायला आले होते. मी त्यांना जंगलातून जुन्या कोळसा खाणींच्या गावांकडे जाणाऱ्या लांबलचक डांबरी सायकलवाटेवर नेलं.

ओल्या पाइनचा वास, निर्मनुष्य वाट, आणि पुढे कानटोपी घातलेले बाबा सारखी घंटी वाजवत.

"बाबा, इथे कोणीच नाहीये हो!"

"म्हणानच वाजवतंय. कोण असलो तर तेका कळाक नको?"

पहिल्याच गावात घंटी ऐकून एक म्हातारा तरातरा बाहेर आला. घंटीबद्दल माफी मागायला मी घाईघाईने सायकलवरून उतरले. पण बाबा खाणीच्या गंजलेल्या मनोऱ्याकडे बघत उभे होते. म्हाताऱ्याने मनोऱ्याकडे बोट दाखवून स्वतःच्या छातीवर थाप मारली. बाबांनीही मारली. "गिरणी. बंद."

मग बाकावर बसून बाबा मालवणीत आणि तो जर्मनमध्ये, असे तासभर बोलत राहिले. बाबांनी दोनदा डोळे पुसले.

निघाल्यावर मी फुगून विचारलं, "घरी कधी गिरणीचं नाव काढलं नाहीत, आणि त्याला सगळं सांगितलंत?"

"तेका खय काय समाजला?" बाबा म्हणाले. "तुका सगळा समाजला असता."

तेव्हा मी आणखीच फुगले. गेल्या आठवड्यात मुलीने माझ्या सुटलेल्या नोकरीबद्दल विचारलं, तर मी तिला भाजीचे भाव सांगत बसले.