पहिल्या शुक्रवारची चिठ्ठी

सोमवार, डिसेंबरचा पहिला आठवडा, सकाळचे सव्वानऊ. जागा: इंदूरमधल्या एका जुन्या कॅथलिक मुलींच्या शाळेतली प्रिन्सिपलांची खोली. हजर: सिस्टर प्रिन्सिपल, चॅपलची देखभाल करणाऱ्या वयस्क सिस्टर, आमच्या ठाण्याची महिला हेड कॉन्स्टेबल, आणि मी, तेव्हाचा टीआय. ठाण्याच्या प्रमुखाला मध्य प्रदेशात असंच म्हणतात.

ही नोंद माझ्या वहीत आहे, पण ती सकाळ आठवायला वही उघडावी लागत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दंगे पाहिले. ते घडून गेल्यावर पोलीस पोहोचतात. इथे काहीच घडलं नव्हतं. फक्त शुक्रवारी घडणार होतं.

शाळा शंभराहून जास्त वर्षांची. दगडी कमानी, लांब व्हरांडे, मधोमध छोटं चॅपल. चॅपलच्या दाराशी एक लाकडी प्रार्थनापेटी आहे. देवाकडे जे मागायचं ते चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं, खाली नाव घालायचं नाही. मुली बहुतेक हिंदू, काही मुस्लिम, काही जैन, थोड्या ख्रिस्ती. चिठ्ठ्या सगळ्याच टाकतात. गणितात पास कर, आजीचा गुडघा बरा कर. दर सोमवारी वयस्क सिस्टर पेटी उघडतात, चिठ्ठ्या मनातल्या मनात वाचतात, प्रार्थना करतात आणि जाळून टाकतात. कोणी लिहिली हे विचारायचं नाही, हा तिथला जुना नियम.

त्या सोमवारी एक चिठ्ठी जळली नाही. टेबलावर काचेच्या पेपरवेटखाली ती ठेवलेली होती. इंग्रजीत तीन ओळी. अर्थ असा: "छोटीला सांभाळ. शुक्रवारी तो गेटवर येणार आहे. मी कोणालाच सांगू शकत नाही."

"मैंने नियम तोड़ा है, सर," वयस्क सिस्टर म्हणाल्या. "पर यह मुझसे जली नहीं."

शुक्रवारचं महत्त्व प्रिन्सिपलांनी सांगितलं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चॅपलमध्ये मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती लोकांची सामूहिक उपासना असते. ख्रिस्ती शिक्षिका तिथे, बाकीच्या मोठ्या मुलींना घेऊन हॉलमध्ये. लहान वर्ग साडेअकरालाच सुटतात. गेटवर त्या वेळी एक चौकीदार आणि दोन आया, बस.

ठाण्यात परत येऊन रोजनामच्यात नोंद केली, वरिष्ठांना फोन केला. फिर्यादी नव्हता, आरोपी नव्हता, गुन्हाही नव्हता. आमच्याकडे फक्त एक वार होता.

पहिला विचार अक्षराचा आला. प्रिन्सिपलांनी न बोलता दहा मुलींच्या दहा वह्या समोर मांडल्या. दहाही वह्यांत तेच अक्षर: उजवीकडे कललेलं, गोल, जोडून काढलेलं. पहिलीपासून पाचवीपर्यंत चार रेघांच्या वहीवर रोज एक तास गिरवून घेतात. इथे शिकलेल्या सगळ्या मुली आयुष्यभर सारख्याच लिहितात. माझी मुलगी इथलीच, तिचं अक्षरही तेच. तज्ज्ञाकडे चिठ्ठी पाठवण्यात अर्थ नव्हता.

मग मी यादी केली. चिठ्ठीत 'छोटी' आहे, म्हणजे लिहिणारी मोठी बहीण. आठवी ते बारावीतल्या ज्या मुलींची धाकटी बहीण खालच्या वर्गात आहे, अशा एक्केचाळीस निघाल्या. मंगळवार आणि बुधवार आम्ही त्यांच्याशी बोललो, साध्या कपड्यांत, प्रिन्सिपलांच्या समोर. मुलींना वर्गातून आणायला शाळेने सहावीला शिकवणाऱ्या एक मराठी मॅडम दिल्या होत्या. त्या हजेरीपुस्तक घेऊन यायच्या, एक मुलगी आत सोडायच्या, दाराशी उभ्या राहायच्या, मग पुढची आणायला जायच्या. शांत बाई. मला त्यांचं काम आवडलं.

"घरी कोणी त्रास देतं का? रस्त्यात कोणी मागे येतं?"

"नाही सर."

"प्रार्थनापेटीत चिठ्ठी टाकली होती?"

एक नववीतली मुलगी कावरीबावरी झाली. "अंकल, मी तर फक्त केमिस्ट्रीसाठी टाकली होती. त्याची पण पोलीस केस होते का?"

हेड कॉन्स्टेबल हसली, मीही हसलो. दोन दिवसांत तेवढंच हसू झालं. तीन मुली रडल्या, त्यातल्या एकीने वडील मारतात हे सांगितलं. ते प्रकरण आम्ही वेगळं हाताळलं. पण आमच्या चिठ्ठीचा पत्ता लागेना.

उलट बुधवारी दुपारी गेटबाहेर पालक जमले. मुलींनी घरी सांगितलं होतं, पोलीस येतात म्हणून. एक गृहस्थ माझी बाही धरून म्हणाले, "भिया, सच्ची बताओ, बच्चे उठाने वाली गैंग आई है क्या?" मी त्यांना अफवा आहे म्हणून घरी पाठवलं. पण समोरच्या चहाच्या ठेल्यावर पाच-सहा माणसं आमच्याकडे बघत उभी होती, आणि त्यातला एक 'तो' असू शकतो हे माझ्या ध्यानात आलं. घरी जेवताना मी एक्केचाळीस नावांची यादी ताटाशेजारी घेऊन बसलो. बायकोने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, अजून काही नाही. हे 'अजून' मलाच ऐकवेना.

गुरुवारी सकाळी हेड कॉन्स्टेबलने यादी माझ्याकडे सरकवली. ती उज्जैनकडची, वीस वर्षं नोकरी झालेली, स्वतःच्या घरी तीन मुली. "साब, लड़कियों के पेट में बात टिकती है क्या? एक को पता, तो चार सहेलियों को पता. इकतालीस से पूछ लिया, किसी की सहेली तक को खबर नहीं. ये लड़की है ही नहीं."

मी ताबडतोब प्रिन्सिपलांकडे गेलो. हे अक्षर आणखी कोणाचं असू शकतं, विचारलं.

"हमारा आधा स्टाफ यहीं का पढ़ा हुआ है," त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या.

दुसरी यादी छोटी झाली. याच शाळेत शिकलेल्या आणि ज्यांची मुलगी आता लहान वर्गात आहे अशा शिक्षिका: पाच. मूल घ्यायला येणाऱ्यांसाठी शाळा कार्ड देते, त्यावर आईवडिलांचे फोटो असतात. ती पाच कार्डं मागवली. चार कार्डांवर दोन-दोन फोटो. पाचव्यावर वडिलांचा चौकोन रिकामा, त्यात लिहिलेलं: स्वर्गीय. कार्ड पहिलीतल्या मुलीचं. आई म्हणजे दोन दिवस मला मुली आणून देणाऱ्या त्याच मॅडम.

"मृत्यूचा दाखला फाइलला आहे?"

"नहीं, सर. हमारी ही पढ़ाई हुई बच्ची है. उससे दाखला माँगते?"

मॅडमना आम्ही लायब्ररीत बसवलं. हेड कॉन्स्टेबल त्यांच्या शेजारी बसली, समोर नाही.

"आज मुली आणायच्या नाहीत का, सर?"

"नाही. तुमचे मिस्टर कधी गेले?"

"चार वर्षं झाली."

"कुठे?"

"देपालपूरला. सासर तिकडचं."

"कशाने?"

"हार्ट."

मृत्यूबद्दल मी हजारो लोकांना विचारलं आहे. ज्याचं माणूस खरंच गेलं आहे तो विचारलं त्यापेक्षा जास्त सांगतो: किती वाजले होते, शेवटचं काय खाल्लं, कोण वेळेवर आलं नाही. या बाई एकेका शब्दात उत्तर देत होत्या.

दमात घेता आलं असतं. मी ते केलं नाही. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवलं तर तो बोलत नाही, फक्त हो म्हणतो.

"ताई," मी म्हटलं, "उद्या गेटवर माझी सहा माणसं असतील. कोणाकडे बघायचं ते त्यांना माहीत नाही. शाळेच्या कागदावर जो मेलेला आहे, त्याला माझा शिपाई ओळखणार कसा?"

त्या टेबलाकडे बघत म्हणाल्या, "तो मेलेला नाहीये."

पुढचं सगळं त्यांनी सलग सांगितलं. नवरा मारायचा. एकदा भांडणात त्याने दोन वर्षांच्या छोटीला शेतातल्या विहिरीच्या कठड्याबाहेर धरलं आणि बायकोकडून माफी वदवून घेतली. मुलीला परत देताना म्हणाला, पुढच्या वेळी हात सोडीन. दुसऱ्याच दिवशी त्या मुलीला घेऊन इंदूरला, छत्रीबाग मोहल्ल्यात आईकडे निघून आल्या. चार वर्षं तो गप्प होता. गेल्या आठवड्यात फोन आला. त्याला शाळा माहीत होती, सुटण्याची वेळ माहीत होती, पहिला शुक्रवारही माहीत होता. "बाप हूँ मैं. गेट पे रोकेगा कौन?"

"पण शाळेला खोटं का सांगितलंत?"

"नवऱ्याला सोडून आले म्हटलं असतं तर लोकांनी सतरा सवाल केले असते, सर. गेला म्हटलं की कोणी काही विचारत नाही. एकदा बोलून बसले, मग फँस गई. आता खरं सांगितलं तर नोकरी जाईल, छोटीची सीट जाईल, असंच वाटायचं."

"आणि दोन दिवस तुम्ही माझ्यासमोर मुली आणत होता."

"दर वेळी वाटायचं, या पोरीनंतर सांगते. मग पुढची आणायला जायचे."

नवरा मेला असं सांगून त्यांनी स्वतःला सवालांपासून वाचवलं होतं, पण गेटवर त्याला ओळखून अडवता आलं असतं असा एकमेव कागदही त्याच खोट्याने रिकामा ठेवला होता. हे त्यांना पेटीत चिठ्ठी टाकताना कळलेलं होतं. म्हणूनच ती देवाला लिहिली होती.

प्रिन्सिपलांना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नौकरी कहीं नहीं जा रही. पहले बच्ची." हेड कॉन्स्टेबल स्कूटरवर छत्रीबागेत जाऊन लग्नातला एक फोटो घेऊन आली. त्याच्या प्रती काढून सहा जणांना दिल्या.

शुक्रवार. मुलीला घरी ठेवायचं ठरत होतं, पण त्याला घरही माहीत होतं, आणि सगळी माणसं आम्ही गेटवर लावली होती. म्हणून तिला चॅपलमध्ये वयस्क सिस्टरांपाशी बसवलं. दोन शिपाई चहाच्या ठेल्यावर, दोन पालकांत, एक रिक्षात, एक कोपऱ्यावर. हेड कॉन्स्टेबल आयाच्या साडीत, रांगेजवळ. मी चौकीदाराच्या खोलीत. मॅडमना हॉलमध्येच ठेवलं; त्या गेटवर दिसल्या असत्या तर तो लांबूनच परतला असता.

साडेअकराला घंटा झाली. शंभरेक पालक पुढे सरकले. फोटोतला मिशीवाला कोणी दिसेना. मी चेहरे बघणं सोडून नजरा बघू लागलो. पालक आपलं मूल शोधतात, त्यांना दुसरं काही दिसत नाही. इस्त्रीचा आकाशी शर्ट घातलेला, दाढीमिशी सफाचट केलेला एक माणूस मात्र गेटवर कोण कोण उभं आहे ते बघत होता. हातात मिठाईचा डबा, खांद्याला पिशवी. तो चौकीदारापाशी आला आणि घडी केलेला कागद उघडला. मुलीचा जन्माचा दाखला. शंभर टक्के खरा.

मी बाहेर पडतोय तोच त्याने मोठ्याने हाक मारली. मुलीच्या नावाने.

आणि ती रांगेत होती. पाण्याची बाटली वर्गात राहिली म्हणून सिस्टरांना सांगून ती गेली होती, आणि वर्ग सुटल्यावर सवयीने मैत्रिणीचा हात धरून गेटकडे आली होती. नाव ऐकून तिने मैत्रिणीचा हात सोडला आणि हसत रांगेबाहेर आली. दोन पावलं. तिसरं पडायच्या आत हेड कॉन्स्टेबलने तिला उचलून छातीशी धरलं आणि तो कोण हे तिच्या कानी पडायच्या आत थेट चॅपलमध्ये नेलं. शिपायांनी त्याला दोन्हीकडून पकडलं. त्याने झटापट केली नाही.

"बाप अपनी बेटी को मिठाई भी नहीं खिला सकता?" तो शांतपणे म्हणाला.

पिशवीत एक नवा फ्रॉक होता आणि शेतात फवारायच्या औषधाची बाटली. "खेती है मेरी," एवढंच त्याचं म्हणणं, आणि शेवटपर्यंत तो त्यावर ठाम राहिला. बाटली कशासाठी होती ते आम्हाला सिद्ध करता आलं नाही.

आईच्या तक्रारीवर छळ आणि धमकीचा गुन्हा नोंदला. त्याला जामीन मिळाला. दोन तारखांना आला, तिसरीला आला नाही. स्थायी वारंट, म्हणजे सापडेपर्यंत लागू राहणारं, निघालं. देपालपूरला चार वेळा पथक पाठवलं. शेत भावाच्या नावावर, भावाला माहिती नाही. मी रिटायर झालो तेव्हा वारंट तसंच होतं, आजही आहे. दर महिन्याला ठाण्यात फोन करतो. नवीन मुलगा आदराने म्हणतो, "अभी कुछ नहीं, सर."

या प्रकरणाने मला एक सवय लावली. कोणतीही यादी झाली की मी विचारतो, ही यादी करताना मला मदत कोण करत होतं? आणि दुसरं: भीतीने सांगितलेलं खोटं गुन्हेगाराच्या खोट्यासारखं नसतं. ते कोणाला तरी वाचवायला सांगितलेलं असतं आणि बहुधा त्याच माणसाला उघड्यावर आणून सोडतं. ते फोडायचं नसतं, ते परत घ्यायला वाट द्यायची असते.

मॅडमनी शाळेपुढे आपलं खोटं परत घेतलं. मुलीपुढे घेतलं नाही.

ती यंदा दहावीत आहे. गेल्या महिन्यात मी शाळेत गेलो होतो. व्हरांड्यात मॅडम भेटल्या.

"सांगितलं?"

"पाचवीत सांगणार होते. मग आठवीत. आता बोर्ड आहे, सर. पेपर होऊन जाऊ द्या. पितृपक्षात ती त्याच्या नावाने पान ठेवते. यंदा खीर स्वतः केली. मी काय तोंडाने सांगू?"

त्याचा फोटो चौकीदाराच्या खोलीत लावलेला आहे. ठाण्यात आहे. कुठे वळणावर तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि नावाने हाक मारली, तर त्याला न ओळखणारी या सगळ्यांत ती एकटीच आहे. पेपर मार्चमध्ये संपतात. वहीत एप्रिलच्या पानावर पहिलं काम मी लिहून ठेवलं आहे: मॅडमना पुन्हा विचारणे.