दोन वर्षं टिकणारं इंग्रजी

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते, आई त्याच गल्लीत कांड्या भरायची. आमच्याकडे लिहिलेलं काही असलं तर ते दुसऱ्या कुणीतरी, शिकलेल्या माणसानं लिहिलेलं असायचं. त्यात इंग्रजीच्या परीक्षेबद्दल मत द्यायचा अधिकार मला आणखीच कमी, कारण त्या परीक्षेत जेमतेम लागतील तेवढे गुण मिळवून मी नेदरलँड्सला आलो. नापास झालेल्यानं परीक्षेला नावं ठेवली तर लोक हसतात, आणि काठावर पास झालेल्यानं ठेवली तर म्हणतात, गप बस, तुझं काम झालं ना. तरी लिहितोय. कारण ही गोष्ट माझ्या परीक्षेची नाही, माझ्या शेजारच्या खोलीतल्या माणसाच्या परीक्षेची आहे. त्याला मराठी येत नाही, आणि इंग्रजीत लिहायची त्याची इच्छा उरलेली नाही.

एनस्खेडेला विद्यार्थ्यांच्या एका इमारतीत आम्ही राहायचो. मजल्यावर सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर. कोरोना आला, विद्यापीठ बंद झालं आणि मजला ओस पडला. डच मुलं सायकली जिन्याखाली लावून आईबापांकडे गेली, बाकीच्यांना मिळेल ते विमान मिळालं. उरलो आम्ही दोघं, मी आणि तो. तो चीनचा, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा. तिकडे मास्टर्स करून पाणी गाळायच्या पडद्यांवर काम करायला पाहुणा संशोधक म्हणून आला होता. माझे आणि त्याचे गाइड एकच. त्यांच्याकडे एकाच गुरूकडे मागून आलेल्या शिष्याला धाकट्या भावासारखं मानतात, हे त्यानं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडेही असतं, गुरुबंधू म्हणतात. तेव्हापासून माझं खरं नाव त्यानं कधी घेतलं नाही.

गाइडना तो पीएचडीसाठी हवा होता. जागा होती, प्रकल्प होता, सगळं ठरलं होतं. राहिली होती एकच गोष्ट, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण. ते त्याच्याकडे होते, चांगले होते, पण दोन वर्षांहून जुने होते. आणि नियम असा की हे गुण दोनच वर्षं चालतात. शिशिराच्या आधी नवे गुण आले नाहीत तर त्याचा व्हिसा संपणार, तो परत जाणार आणि जागा दुसऱ्या कुणाला मिळणार.

त्याआधी त्यानं किती परीक्षा दिल्या होत्या ते एकदा बोटांवर सांगायला लागला. शाळेची, कॉलेजसाठी देशभराची, मग तिची वरची पायरी, मग त्याच्या विद्यापीठाची स्वतःची वेगळी, कारण ती पास झाल्याशिवाय तिथे मास्टर्सची पदवीच हातात देत नाहीत, आणि मग परदेशासाठीची. सगळ्या इंग्रजीच्या. त्यानंतरची दोन वर्षं तो या देशात, रोज सकाळपासून इंग्रजीत बोलत, इंग्रजीत भांडत, इंग्रजीत शोधनिबंध छापून आणत राहिला. म्हणजे ज्या दोन वर्षांत त्याचं इंग्रजी मुरलं, त्याच दोन वर्षांत ते कागदोपत्री नासलं. ज्यांनी हा नियम केला त्यांनी भाषा कधी वापरून पाहिली आहे का, असा मला प्रामाणिक प्रश्न पडतो.

गुणांची मुदत संपल्याचं कळलं त्या दिवशी त्यानं फ्रीजमधून दुधाचं खोकं काढलं, वरची तारीख पाहिली आणि म्हणाला, "गुरुबंधू, हे दूध आणि माझं इंग्रजी एकाच आठवड्यात खराब झालं. दुधाला निदान वास तरी येतो."

विद्यापीठाच्या कचेरीतल्या बाईंशी व्हिडिओवर बोलणं झालं तेव्हा मी शेजारी बसलो होतो. बाई सभ्य होत्या. नियम सगळ्यांना सारखा, म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या इंग्रजीत डच वाक्यं अर्धी न विरघळता तरंगत होती. त्यांना कुणी परीक्षा द्यायला लावली नव्हती, लावावी असंही माझं म्हणणं नाही. त्यांचं बोलणं आम्हाला कळलं, आमचं त्यांना कळलं. इंग्रजीचं काम तेवढंच असतं अशी माझी समजूत होती. असो.

परीक्षा केंद्रं बंद होती, म्हणून परीक्षा घरूनच, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर द्यायची होती. तो तयारीला लागला आणि मला त्यांच्याकडची पद्धत कळली. परीक्षा देऊन बाहेर पडलेली मुलं आठवतील ते प्रश्न एकत्र गोळा करतात, क्लासवाले त्यांची उत्तरं बनवतात आणि पुढची मुलं ती पाठ करतात. उत्तरंही अशी की एकच साचा सगळ्याला चालावा. त्याच्याकडे एक वाचनालय होतं. आवडती जागा कोणती? वाचनालय. तुमच्यावर प्रभाव पाडणारी व्यक्ती? वाचनालयातल्या बाई. मिळालेली सुंदर भेट? त्या बाईंनी दिलेलं पुस्तक. खिडकीत एक झाड, झाडावर पक्षी.

मी विचारलं, "हे वाचनालय आहे कुठे?"

"क्लासमध्ये," तो म्हणाला. "चीनमधली अर्धी पोरं तिथे जाऊन आलीत. त्या बाई आता फार दमल्या असतील."

मी हसलो, पण मला हसायचं तोंड नव्हतं. पुण्याला आमच्या क्लासच्या सरांनी आम्हा सगळ्यांना एकेक समाजसेवक काका दिला होता. माझे खरे काका पानाची टपरी चालवतात आणि समाजानं त्यांची सेवा करावी असं त्यांचं मत आहे. पण परीक्षेत मी त्यांना रक्तदान शिबिरं भरवायला लावली, आणि लागतील तेवढे गुण मिळाले. आमची बॅच पाहून कुणालाही वाटलं असतं की पुण्यात समाजसेवेशिवाय दुसरं काही चालतच नाही. ज्या परीक्षेत खोटे काका पास होतात आणि खरा माणूस अडखळतो, तिला प्रावीण्याची परीक्षा म्हणतात. मी चुकत असेन तर सांगा.

वाचनालयाच्या गोष्टी तो घडाघडा म्हणायचा, हात मांडीवर, मान ताठ. पण स्वयंपाकघरात खरंखुरं काही सांगायला लागला की वेगळा दिसायचा. शब्द अडला की उजव्या हाताचं पहिलं बोट डाव्या तळहातावर फिरवायचा. त्यांची अक्षरं तो हातावर लिहायचा, शाईशिवाय. मग रिकाम्या तळहाताकडे पाहायचा आणि शब्द सापडायचा. कोथिंबीर, बिजागरी, दम्याचा त्रास, सगळं त्याला असंच आठवलेलं मी पाहिलं आहे. त्यांच्याकडे सगळेच करतात, म्हणाला. लहानपणी एकेक अक्षर शेकडो वेळा लिहून घेतात, त्यामुळे ते डोक्यापेक्षा हातातच जास्त राहतं. मला नवल वाटलं नाही. आमची आई अजून बोटांच्या पेरांवर हिशोब करते.

मध्येच एका रविवारी इथल्याच हार्लेम शहरातल्या दादांचा व्हिडिओ कॉल आला. हे दादा आमच्याच विद्यापीठातून शिकून आता तिकडे आयटीत आहेत, आणि नव्या मराठी मुलांना मार्गदर्शन करतात. न मागताही करतात.

"काय रे, तुझ्या त्या चायनीज पार्टनरचं काय झालं?"

"परीक्षा आहे दादा, पुढच्या आठवड्यात."

"त्यांचं सगळं पाठांतर असतं रे. थिंकिंग इन इंग्लिश नसतंच. राग मानू नकोस, तुझंही तेच आहे. मराठी मीडियम दोन मिनिटांत कळतं."

"तुम्ही इंग्रजीत विचार करता का, दादा?"

"ऑफ कोर्स! आता मराठीत विचार करायला वेळ कुठाय?"

तेवढ्यात मागून त्यांचा मुलगा डचमध्ये काहीतरी भराभर बोलला. दादा म्हणाले, "थांब ना राजा, बाबा बोलतोय ना." मुलानं तेच पुन्हा म्हटलं. दादांनी आत हाक मारली, "अगं, हा काय म्हणतोय बघ गं जरा!" आणि माझ्याकडे वळून इंग्रजी उच्चारांबद्दल पुढे बोलू लागले.

कॉल संपल्यावर माझा शेजारी भाजी परतता परतता म्हणाला, "काय म्हणत होते?"

"तुला शुभेच्छा दिल्या."

"बराच वेळ देत होते."

परीक्षेच्या दिवशी त्यानं खोली रिकामी केली. टेबलावर लॅपटॉप सोडून काही नको, भिंतीवर काही लिहिलेलं नको, म्हणून प्रयोगशाळेतला आमचा ग्रुप फोटोसुद्धा काढून माझ्याकडे दिला. कानात काही घालायचं नव्हतं, आवाज लॅपटॉपच्या स्पीकरवरच ऐकायचा होता. कुणी खोलीत शिरलं तर परीक्षा रद्द. म्हणून मी बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो, कुणी पार्सलवाला दार वाजवू नये म्हणून. त्यामुळे सगळं मला ऐकू येत होतं, दिसत नव्हतं ते त्यानं नंतर सांगितलं.

पर्यवेक्षकाचा आवाज आला आणि मी चमकलो. आवाज आमच्याकडचा होता. इंदूर म्हणा, नागपूर म्हणा. "सर, काइंडली शो मी युअर इअर्स." माझ्या शेजाऱ्यानं एक कान दाखवला, मग दुसरा. "अंडर द टेबल, सर. वन्स अगेन, सर." तीस वर्षांचा संशोधक माणूस लॅपटॉप उचलून टेबलाखालची धूळ दाखवत होता. या पर्यवेक्षकाचा राग करायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, जमला नाही. तोही माझ्यासारखाच कुणाच्या तरी घरातला पहिला असणार. इंग्रजी येतं म्हणून त्याला कान तपासायची नोकरी मिळाली होती. ज्यांनी दोन माणसांना एकमेकांसमोर असं बसवलं, ते स्वतः कुठल्याच कॅमेऱ्यात नव्हते. माझा राग त्यांच्यावर आहे.

वाचन झालं, ऐकणं झालं, लेखन झालं. मग बोलणं. पहिल्या प्रश्नाला वाचनालय, झाड, पक्षी. छान चाललं होतं. मग प्रश्न आला, न समजणाऱ्या माणसाला तुम्ही काही समजावून सांगितलं असेल तो प्रसंग सांगा. यात वाचनालय बसत नव्हतं. आणि मग तो बोलायला लागला. आपण काय काम करतो हे आईला फोनवर कसं सांगितलं, ते. पिठाची चाळणी, मग गाळणं, मग गाळणं इतकं बारीक की मीठसुद्धा अडतं. आई म्हणाली, मग सूप अळणी नाही का होणार? मी बाहेर एकटाच हसलो. इतकं चांगलं इंग्रजी मी त्या मजल्यावर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. एका शब्दाशी तो थांबला.

"सर, व्हॉट आर यू रायटिंग?"

"नथिंग."

"सर, आय कॅन सी यू आर रायटिंग. काइंडली शो युअर हँड्स."

"देअर इज नो पेन. माय हँड... इट रिमेंबर्स."

"सर, बोथ हँड्स ऑन द टेबल, प्लीज."

एवढ्यात त्या प्रश्नाची वेळ संपली. उरलेली उत्तरं त्यानं हात टेबलावर ठेवून दिली. सगळ्या प्रश्नांना वाचनालयच सांगितलं.

निकालाऐवजी निरोप आला की परीक्षेत संशयास्पद हालचाल आढळल्यामुळे गुण रोखून ठेवले आहेत, तपासणी चालू आहे. त्यानं सविस्तर खुलासा पाठवला, हातावर लिहायची सवय काय असते ते सांगितलं. उत्तर आलं, आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत. त्यानं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, स्वल्पविरामासकट. तो म्हणाला, "बघ, त्यांच्याकडेही वाचनालय आहे." पुन्हा परीक्षेला बसतो म्हणाला, तर तपासणी संपेपर्यंत बसता येणार नाही. गाइडनी दोनदा विनंती केली. कचेरीतून उत्तर आलं, अपवाद करता येत नाही. गाइड खांदे उडवून म्हणाले, नियम म्हणजे नियम. ते मनानं वाईट नाहीत. पण पुढच्या महिन्यात त्यांनी त्याच्याच शोधनिबंधातले दोन परिच्छेद नव्या प्रस्तावात वापरले, त्याच्याच इंग्रजीत, एक शब्दही न बदलता.

पानं गळायला लागली तेव्हा तो गेला. विमान महामुश्किलीनं मिळालं होतं. स्टेशनवर दीड मीटर अंतर ठेवून आम्ही उभे होतो, दोघांच्या तोंडाला मास्क. काहीतरी बोलायला हवं होतं. त्यानं डाव्या तळहातावर बोट फिरवलं, पाहिलं आणि मान हलवली. या वेळी सापडलं नाही. मग गाडी आली. त्याची जागा एका डच मुलीला मिळाली. मुलगी हुशार आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तो तिकडे कुठल्याशा कारखान्यात लागल्याचं मधे कळलं होतं. पाणी गाळायचंच काम, पण संशोधन नाही. मग वसंतात, इथे संचारबंदी अजून होती, मी स्वयंपाकघरात कुकर लावत असताना त्याचा मेसेज आला. सोबत त्याला आलेल्या पत्राचा फोटो होता. तपासणी पूर्ण झाली, कोणताही गैरप्रकार आढळला नाही, आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत. खाली गुण होते. विद्यापीठाला हवे होते त्याहून कितीतरी जास्त. त्याखाली लिहिलं होतं की हे गुण परीक्षेच्या दिवसापासून दोन वर्षं ग्राह्य राहतील.

त्याखाली त्यानं स्वतः एकच ओळ लिहिली होती.

"गुरुबंधू, अजून वर्षभर ताजं आहे म्हणतात. तुझ्या फ्रीजमध्ये जागा आहे का?"