ज्याच्या गच्चीवर उतरेल त्याचं

अम्मान शहराच्या उतारावर गच्चीला गच्ची लागलेली, आणि कबुतरवाल्यांचा कायदा एकच: ज्याच्याशी वैर आहे त्याच्या गच्चीवर आपलं पाखरू उतरलं, की ते त्याचं. अबू शुक्रीचं गल्लीपलीकडच्या अबू दिरगामशी तरुणपणापासूनचं वैर.

अबू शुक्रीची बायको विदाद संध्याकाळी अशी साद घालायची, की आभाळात विरलेला थवा गोळा होऊन खाली यायचा. अबू दिरगाम पलीकडून ती साद आपल्या गळ्यात उचलायला बघायचा. विदाद हसायची, "अहो, सांगा त्या चोराला, शेवटचा सूर वर जातो!"

ती गेली त्याला एक हिवाळा उलटला. फोनवरच्या एका सेवेत तिनं आपली साद भरून ठेवली होती. आज मुलगी मैसूननं ते खातं उघडलं, तर समोर नव्या अटी. मान्य केल्याशिवाय काहीच ऐकू येणार नव्हतं.

"काय म्हणतायत?" अबू शुक्रीनं विचारलं.

"आवाज आईचाच म्हणतायत. पण तो वापरायचा, यंत्रांना शिकवायचा हक्क त्यांचा. हवं तेव्हा बंद करायचाही."

"म्हणजे पाखरू माझं, खुराडं त्यांचं."

"तसंच समजा."

"आपल्या दुकानासाठी भरतकामाच्या नक्षीचा कॉम्प्युटर प्रोग्राम घेतला होता मी, सीडीवरचा. त्यातही असलंच पुराण होतं की!"

"बाबा, तो परवाना होता. त्यांच्या वस्तूचं आपण काय करायचं, ते त्यात असायचं. इथं आपल्या वस्तूचं ते काय करणार, ते लिहिलंय. 'मान्य' दाबू का?"

त्याचा जीव कानांत येऊन बसला होता.

"तिला विचारलंस?"

"बाबा, आई आता…"

"म्हणूनच. राहू दे."

"उभ्या जन्मात दुसऱ्याचं एक पाखरू परत केलं नाहीत, आणि आता परवानगीच्या गोष्टी!"

तो गच्चीवर आला. थवा उंच फिरत होता. त्यानं साद घातली. घशातून खडी निघावी तशी ती निघाली. पाखरं वरच राहिली.

मग पलीकडून साद आली. अबू दिरगामची. जाड, तंबाखूनं खरवडलेली. पण शेवटचा सूर वर गेला. अलगद. तिचाच.

थवा वळला.

पाखरं हुसकायची चिंधीची काठी अबू शुक्रीच्या हातात होती. त्यानं ती भिंतीला टेकवून ठेवली. पहिलं पांढरं पाखरू पलीकडं उतरलं, मग दुसरं.

"अबू दिरगाम," त्यानं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हाक मारली, "आणखी एकदा."