तारांतोच्या देवळ्या

दुसऱ्या महायुद्धात विंझरचा गेनू लिम्हण मराठा पलटणीतून थेट इटलीत पोचला. तारांतो हे समुद्रकाठचं जुनं शहर. तिथं सुट्टीच्या दिवशी पिएत्रो नावाचा म्हातारा न्हावी त्याला गाव दाखवायला निघाला. पुढं म्हातारा, मागं गेनू, दोघं सायकलवर. बोली एकाची दुसऱ्याला कळेना. म्हातारा बोट दाखवी, गेनू मान डोलवी. अरुंद गल्ल्यांत वाळत टाकलेली धुणी डोक्यावर हलत. वळणावर अवचित निळं पाणी दिसे, आणि गेनूला वाटे, आपण झोपेतच चाललोय.

एका भिंतीत देवळी होती. आत लेकरू घेतलेली आई, पुढं दिवा. गेनू उतरला, बूट काढले, हात जोडले. त्याच्या गावाकडं मेंगाईच्या देवळापुढून कुणी गाडीत बसून जात नसे. पण इथं गल्लोगल्ली देवळी, आणि लष्करी बुटांना वीतभर नाड्या. म्हातारा आधी हसला, मग कपाळाला हात लावून बसला. दिवस कलला. शेवटच्या देवळीशी मात्र गेनूच्या आधी तोच उतरला, आणि मुकाट्यानं बूट काढू लागला.

लढाई संपली. गावी परतून गेनूनं जुनी सायकल घेतली. वेल्ह्याच्या बाजाराला जाताना तो मेंगाईपुढं अनवाणी उभा राही आणि दोनदा हात जोडी.

"दुसऱ्यांदा कुणाला वो?" बायकोनं, बयाबाईनं, एकदा विचारलं.

"तिकडं म्हातारा अजून उतरत आसंल," गेनू म्हणाला. "त्यो येकटा पडाय नगं."