दमलेल्या बॅटऱ्या

जुन्नरला फोटोचा धंदा दादानं सुरू केला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पुण्यात एका फोटोग्राफराच्या हाताखाली राबून तो काम शिकला आणि आमच्या घराच्या मागच्या पडवीवर काच बसवून त्यानं दुकान थाटलं. बाकी घर शेती करायचं. मी त्याच्याहून बराच धाकटा. शेतात माझा उपयोग नव्हता म्हणून मला त्याच्याकडं दिलं, आणि दुकानात तरी उपयोग काय, म्हणून दादानं मला बॅटऱ्या दिल्या.

तेव्हा घरात फोटो काढायचा म्हणजे पांढरी भुकटी पेटवून उजेड करावा लागे. पत्र्याच्या तबकात भुकटी पसरायची आणि पेटवायची. डोळे दिपवणारा एकच लोळ उठे आणि खोली धुरानं भरून जाई. आधी दादा कागदाच्या वातीनं भुकटी पेटवायचा. वात जळत जाताना माणसं तिच्याकडंच बघत राहायची आणि भुकटी भडकायच्या वेळी नेमकी डोळे मिटायची. म्हणून दादानं पुण्याहून बॅटऱ्या आणल्या. तबकात केसासारखी बारीक तार, तिला जोडलेल्या बॅटऱ्या आणि एक बटण. बटण दाबलं की तार लाल होते, भुकटी पेटते. कुणाला डोळे मिटायला सवड राहत नाही.

त्या बॅटऱ्या टेलिफोनच्या कामाच्या होत्या. पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या, वर पितळेची टोपी, हातात घेतल्या तर वरवंट्याएवढ्या जड. दुकानदार सांगेल ती घ्यायची नाही, हे दादानं मला पहिल्यांदा शिकवलं. पुठ्ठा बुडाशी ओला लागला तर ती नको. टोपीभोवतीच्या डांबराला भेग असेल तर ती नको. उरलेल्यांच्या दोन्ही तारा जिभेला लावून बघायच्या. चांगली बॅटरी चिंचेसारखी आंबट आणि सुईसारखी टोचते; म्हातारी नुसती खारट लागते. आणल्यावर भुशाच्या पेटीत, ओल्या जमिनीपासून दूर ठेवायच्या. थंडीत कामाआधी उन्हात ठेवून अंगात ऊब येऊ द्यायची. नव्या बॅटरीत जुनी कधी मिसळायची नाही, कारण जुनी नवीलाही खाली ओढते.

"आणि ध्येनात ठेव," दादा म्हणायचा, "बॅटरी मरत न्हाई, दमती. बैलावानी. बसली म्हनून तिच्याम्होरं जायचं न्हाई. घटकाभरानं उठती अन् लाथ मारती."

हे खरं होतं. बटण दाबलं, काहीच झालं नाही, म्हणून बॅटरी संपली असं समजू नये. थोडी विश्रांती मिळाली की ती पुन्हा जोर धरते. म्हणून आमच्या कामात एकच नियम मोडायचा नव्हता: भुकटी पेटली नाही तर आधी बॅटरीवरची तार काढायची, मगच कुणी तबकाजवळ जायचं. तार काढायचं काम माझं.

दादा कामात देव होता आणि माणूस म्हणून वाईट. गिऱ्हाइकासमोर मला बोलल्याशिवाय त्याचा हात चालत नसे. "हा आमचा बंधू. ह्याच्या मानानं बॅटरीला बरं डोकं हाय," असं म्हणून तो कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात शिरायचा, आणि हसणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर मी उभा राहायचो. घरी वहिनी म्हणायची, "मनावर नका घेऊ भाऊजी, मला बी तसंच बोलत्यात." ती असं म्हणाली की मला जास्तच राग यायचा.

मंचरला एका लग्नाचे फोटो काढायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी आम्ही बोरी बुद्रुकला होतो. एका शेतकऱ्याच्या घरी ओटीवर सगळ्या भावांचा म्हाताऱ्या आईसह फोटो. तो झाला. दादा वाड्यात चहाला बसला आणि मी अंगणात सामान आवरत राहिलो. तिथं माझ्या वयाची पोरंपोरी जमली. एकीनं विचारलं, "आग कुठनं येती वं?" मी रिकाम्या तबकातली तार लाल करून दाखवली. सगळे चित्कारले. पुन्हा दाखवली. मला तिथं कुणी बिनडोक म्हणत नव्हतं. मी बटण दाबून धरत गेलो, तार लालेलाल होत गेली, मग नुसती तांबूस, मग दिसेनाशी झाली. तेव्हा कुठं मी थांबलो.

दादाला सांगितलं नाही. पेटीत एक कोरी बॅटरी होती. ती मी एका दमलेलीच्या जागी बसवली, बाकीच्या तशाच ठेवल्या. जुनीत नवी मिसळू नये हे मला पाठ होतं. तरी मिसळली, कारण नाहीतर मला तोंड उघडून सांगावं लागलं असतं.

मंचरचं लग्न एका मारवाडी जैन शेटजींच्या घरचं. घराणं पिढ्यानपिढ्या मंचरातलं, बोलणं आमच्याइतकंच मराठी. पण एक गोष्ट त्यांच्या घरी कुणासाठी बदलत नव्हती. सूर्य मावळल्यावर तोंडात घास घालायचा नाही. पाव्हणे कितीही असोत, पंगत दिवस असतानाच उठली पाहिजे. नाहीतर सकाळपर्यंत सगळं वऱ्हाड उपाशी. मार्गशीर्षातला आखूड दिवस, त्यात मुहूर्त लांबलेला. शेटजींच्या आईची इच्छा होती की पंगतीला बसायच्या आधी दोन्ही कुळांचा एकत्र फोटो निघावा. जेवण झालं की माणसं पांगतात. म्हातारीला चालता येत नव्हतं, म्हणून फोटो अंगणात न काढता आतल्या सोप्यात काढायचा होता. तिथं दुपारीसुद्धा अंधार.

सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. मधे नवरानवरी आणि खुर्चीत म्हातारी. स्वयंपाकघरातून तुपाचा वास येत होता आणि दाराच्या फटीतून आत आलेलं ऊन भिंतीवर वर सरकत होतं. सगळ्यांचे डोळे त्या उन्हाकडं. दादानं भिंगावरची टोपी काढली, हात वर केला, मी बटण दाबलं.

काही झालं नाही.

"काय राव," नवरदेवाचा मामा म्हणाला, "फटाका वल्ला निघाला का?" तो चाकणकडचा, आवाज मोठा, भूक त्याहून मोठी.

दादानं माझ्याकडं बघितलं. बॅटऱ्यांचं मी काहीतरी केलंय हे त्याला त्या क्षणी कळलं असावं. मी पुन्हा दाबलं. तार तांबूससुद्धा झाली नाही.

"भाऊ, चूल पेटवायची असंल तर आतनं निखारा देऊ का?" मामा म्हणाला. लोक हसले. शेटजी हसले नाहीत. ते भिंतीवरच्या उन्हाकडं बघत म्हणाले, "पटकन करा. माझी माणसं उपाशी राहतील."

"कुनी हलू नका," दादा म्हणाला. सोप्यात इतका अंधार होता की भिंग उघडं राहिलं तरी कॅमेऱ्यातल्या फोटोच्या काचेवर फारसं काही उमटणार नव्हतं, म्हणून त्यानं टोपी लावली नाही. तो तिवईवरच्या तबकाकडं गेला, वाकला आणि हातातल्या लोखंडी पट्टीनं भुकटी तारेच्या जवळ ओढू लागला. तार काढली का, हे त्यानं विचारलं नाही. ते काम माझं होतं आणि त्या एका कामात मी कधी चुकलो नव्हतो. भुकटी ओढता ओढता तो लोकांना म्हणाला, "दोष बॅटरीचा न्हाई शेटजी. हा आमचा बंधू. बाप म्हातारा झाल्यावर ह्यो झाला, तवर घरातली अक्कल वाटून संपली व्हती."

सगळा सोपा हसला. नवरदेव हसला. नवरीचा घुंगट हसण्यानं हलला. खुर्चीतल्या म्हातारीनंही बोळकं तोंड उघडलं. माझा अंगठा बटणावर होता. तार जोडलेली होती. आणि मी दाबलं.

यापुढं नीट लिहायचं तर मला माझ्या मनात काय होतं ते लिहायला हवं. ते मला माहीत नाही. बॅटरी दमल्यावर विश्रांतीनं उठते हे मला माहीत होतं. दादाचं तोंड तबकावर आहे हे मला दिसत होतं. दोन्ही मला एकाच वेळी माहीत होतं का, की रागात नुसती मूठ आवळावी तसं मी बटण आवळलं, हे मी स्वतःला हजारदा विचारलंय.

त्यानंतर काय केलं ते मात्र चांगलं आठवतं. लोळ उठला, दादा किंचाळला, तिवईसकट खाली पडला. आणि मी आधी कॅमेऱ्याकडं गेलो आणि भिंगावर टोपी लावली. काच वाया जाऊ नये म्हणून. मग दादाकडं गेलो.

त्याला बाहेरच्या ओसरीवर आणलं. कुणी तोंडाला लोणी लावलं, कुणी ओलं फडकं. चेहरा ओळखू येत नव्हता. तो ओरडत होता, "डोळं! माझं डोळं!" पुण्याला न्यायला गाडी जुंपायला सांगितली होती, पण बैल गावाबाहेर सोडलेले. तोवर शेटजी दारात आले, ओसरीकडं बघितलं, आकाशाकडं बघितलं आणि आत वळून म्हणाले, "पानं मांडा." त्यांना दोष कसा देऊ? एवढं वऱ्हाड होतं. दादाच्या ओरडण्यावर पंगत बसली. वाढप्यांची धावपळ, "लवकर, लवकर" असा गलका. थोड्या वेळानं तोच मामा बोटं चाटत माझ्याजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "पावणं, दोन घास खाऊन घ्या. दिस बुडला की इथं पानी बी मिळायचं न्हाई, अन् वाट लांबची हाय." त्याला खरोखर माझी दया आली होती.

मी जाऊन जेवलो. जिलबी खाल्ली.

पुण्याच्या डॉक्टरांनी एक डोळा काढला, दुसरा नावापुरता राहिला. डोळ्यांवरचं बँडेज सोडल्यावर दादानं मला पहिलं विचारलं, "तार काढली व्हतीस का?"

"व्हय," मी म्हणालो.

"मग कशानं पेटलं?"

"तुज्या पट्टीनं असंल. लोखंडी व्हती. ठिणगी पडली असंल."

नंतर तो हेच सगळ्यांना सांगायला लागला. कुणी फोटोवाला भेटायला आला की बजावायचा, "भुकटीला लोखंड लावू नका. माजी चूक तुमी करू नका." मी शेजारी उभा असायचो. वहिनी म्हणायची, "येवढं शिकलेले, अन् लोखंड लावलं कसं तुमी!" आणि तो मान खाली घालायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मान खाली घालताना मी पाहिलं, आणि मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो.

त्या लग्नाची काच धुतली तर फोटो अप्रतिम निघाला. इतकी माणसं एकाच वेळी मनापासून हसताना मी पुन्हा कधी टिपली नाहीत. शेटजींनी तो मोठा करून बैठकीत लावला. त्या फोटोमुळं मला आंबेगाव तालुक्यातली लग्नं मिळत गेली. "हसरा फोटो काढणारे" म्हणून मला लोक ओळखू लागले.

दुकान माझं झालं. दादाला बॅटऱ्या दिल्या. खरं म्हणजे त्यानंच मागितल्या. तो पडवीत बसून एकेक बॅटरी हातानं चाचपायचा, तारा जिभेला लावायचा आणि चांगल्या-वाईट वेगळ्या करायचा. त्याची निवड कधी चुकली नाही. माझी गिऱ्हाइकं त्याच्याकडं बघून कुजबुजायची, आणि एकदा, एकदाच, मी मोठ्यानं म्हणालो, "हे आमचे बंधू. बॅटरीपुरतं चालतंय त्यांचं डोकं." दादा हसला. जिभेवरची तार काढून हसला.

वहिनी गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. एका दुपारी तो बॅटऱ्या निवडत बसला होता आणि मी त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं. बोरीचं अंगण, मिसळलेली बॅटरी, न काढलेली तार, बटण. तो हातातली बॅटरी खाली न ठेवता ऐकत राहिला.

"ठावं हाय," तो म्हणाला.

"कधीपास्नं?"

"तवापास्नंच. मी हसणाऱ्यांकडं न्हवतो बघत. मान वर करून तुज्याकडं बघत व्हतो. तुजा अंगठा अन् तुजं तोंड. त्येच्यानंतर दुसरं काय बघितलंच न्हाई म्या."

"मग लोखंडाचं का सांगत फिरलास?"

"खरं सांगितलं असतं तर तू पळाला असतास. मला अन् तुज्या वहिनीला कुनी घातलं असतं खायला?"

तेव्हा मी विचारलं. इतकी वर्षं जे मला स्वतःला सापडलं नव्हतं ते त्यानं पाहिलं होतं. जगात त्या एकट्यानं. मी विचारलं, "दादा, माजं तोंड कसं व्हतं? मी मुद्दाम दाबलं का?"

त्यानं तोंड माझ्या बाजूला केलं. मग पुढची बॅटरी उचलून तिच्या तारा जिभेला लावल्या. "ही टाकून दे," म्हणाला, "खारट हाय."

त्यालाही आता वर्षं झाली. दादा अंथरुणावर आहे. त्याचं सगळं मीच करतो. आळीतले लोक म्हणतात, भाऊ असावा तर असा. त्यांना मी काय सांगू? मी त्याच्या उशाशी बसतो, कारण तो गेला की सांगणारं कुणी उरणार नाही. दर काही दिवसांनी मी विचारतो. कधी रागानं, कधी पाया पडून. एकदा रडलोही, तेव्हा त्यानं हात पुढं करून माझे गाल चाचपून पाहिले, ओले आहेत का ते.

काल मऊ भात भरवताना पुन्हा विचारलं. "येवढं सांग दादा. व्हय का न्हाई?"

त्यानं तोंड उघडलं. मी वाट बघितली. तोंड तसंच उघडं राहिलं तेव्हा मला समजलं, तो घासाची वाट बघत होता. मी चमचा पुढं केला. घास सावकाश गिळून तो म्हणाला, "मीठ कमी हाय."