लाल झेंड्यासमोर आमचे सरपंच

मानवजातीवर आजवर अनेक अन्याय झाले, पण बीडपासून कोकणापर्यंत माझ्या दोन पायांमध्ये लोणच्याची बरणी होती, याची नोंद कुणी घेतलेली नाही. गाडीतली ऐसपैस जागा आबांची. आबा म्हणजे माझे मेव्हणे, गेवराई तालुक्यातल्या एका गावाचे माजी सरपंच. ‘माजी’ हा शब्द ते सोडून सगळे वापरतात.

जूनच्या सुरुवातीला निघालो, कारण खोल्या निम्म्या भावात मिळतात. का मिळतात, हे आमच्यात कुणी विचारलं नाही. नगर, पुणे, ताम्हिणी, माणगाव असा रस्ता. पहाटे निघालात तर उजेडात पोचता. घाटात धुकं असतं, त्यामुळे दरी दिसत नाही, दरीसोबत फोटो काढणारे तेवढे दिसतात. माशांची आस धरू नका, या दिवसांत मासेमारी बंद. मिळते ती डाळ, आपल्याकडचीच, दुप्पट भावाची. खोलीत वाचवलेलं तिथं वसूल होतं.

सकाळी किनाऱ्यावर गेलो तर लाल झेंडा रोवलेला. आबांनी तो राजकीय नजरेनं न्याहाळला. “हितं अजून लाल बावटा हाय म्हणा की.” तिथल्या जीवरक्षकानं, समुद्र खवळलाय, पाण्यात जाऊ नका, असं सांगितलं. आबांनी त्याला आपण कोण आहोत ते सांगितलं.

गोदाकाठच्या माणसाचा हिशोब जन्मापासून पक्का असतो: खळखळ असेल तिथं उतरायचं नाही, संथ असेल तिथं बुडी मारायची. समुद्रात दोन्हीकडे लाटा फुटत होत्या आणि मध्ये एक गडद, गुळगुळीत पट्टा होता. माझी बायको नको म्हणाली. “अगं, तितंच तर शांत हाय,” म्हणत आबा नेमके त्यात शिरले.

लाटांनी आणलेलं पाणी परत जायची ती वाट असते, हे आम्हाला नंतर कळलं. आबांना लगेच. आधी गुडघे, मग कंबर, मग नुसतं डोकं. किनाऱ्याकडे तोंड करून ते जीव खाऊन हात मारत होते आणि लांब लांब चालले होते. जीवरक्षक ओरडत होता, सरळ येऊ नका, आडवे पोहा. आबांनी आयुष्यात कुणाचं ऐकलेलं नाही. एकदा डोकंही दिसेनासं झालं. बायकोनं माझा दंड आवळला.

जीवरक्षक नारिंगी फ्लोट घेऊन गेला आणि त्यानं आबांना बाजूबाजूनं ओढत पार लांबवर बाहेर काढलं. आबा खारं पाणी ओकत होते, कुडकुडत होते. त्यानं आपला कोरडा शर्ट त्यांच्या अंगावर चढवला, पाठीवर ‘जीवरक्षक’ लिहिलेला. “रोज एक तरी सरपंच भेटतो मला,” म्हणाला आणि दुसऱ्या घोळक्यावर शिट्टी फुंकत गेला.

दुपारीच परत फिरलो. नगरला चहा समोर निवत असताना आबा म्हणाले, “दाजी, पाय टेकंना ओ.”

पुढच्या आठवड्यात गेवराईकडे गेलो, तर आबा पारावर त्याच शर्टात. पाठ वाचून लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं होतं. एकानं विचारलं, “आबा, किती जणांला काढलं?”

“एकालाच,” आबा म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं.

मीही मान डोलावली. समुद्रापासून एवढ्या लांब ते खरं धरायला हरकत नाही. तुम्ही जाल तेव्हा मात्र लाटा जिथं फुटत नाहीत, तिथं पाय घालू नका.

संध्याकाळी आबांच्या घरी वहिनींकडून शर्ट मागून घेतला. घरी धुतला, इस्त्री केला आणि त्या किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवला. पाठवणाऱ्याच्या जागी आबांचं नाव घातलं.